अर्जातलं ‘नाही’

मिश्रीची डबी खिडकीत तशीच होती, झाकणाच्या कडेला काळी पूड, तिच्यावर सविताच्या बोटाचा ठसा... तिच्या तोंडाचं ऑपरेशन झाल्यापासून डबीला कुणी हात लावला नव्हता आणि फेकूनही दिली नव्हती. महिपतीने नजर वळवली. हातात दोन वकिलांची कार्डं होती. विमा कंपनीने क्लेम नाकारला होता, सविताचं रेडिएशन अडलं होतं, आणि आज एकाला तरी फोन करायलाच हवा होता.

‘तंबाखूचं व्यसन लपवलं’ असं पत्रात होतं. व्यसन म्हणे! तिकोणा पेठेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या सगळ्या मिश्री लावतात, त्याला व्यसन कोण म्हणतं? मग हे त्या दिवशी का नाही सुचलं तुला, महिप्या? ज्या बंगल्याची तू तुंगार्लीत राखण करतोस त्याच्या मालकांचा भाचा, विमा एजंट, पलंगाच्या कडेला बसून अर्ज भरत गोड आवाजात विचारत होता, “वहिनी तंबाखू वगैरे?” आणि सविता मागच्या दारात उभी, दात काळे, बोट तोंडात — महिपतीला एकदम लाज वाटली. स्वतःच्या बायकोची. “छे हो, आमच्यात तसलं काय न्हाई,” म्हणाला आणि वर हसलासुद्धा. तिने ऐकलं होतं. तोंड धुऊन ती चहा घेऊन आली.

वडगावचे वकील म्हणाले होते, “बायकोने तुमच्यापासूनही लपवलं, असं मांडू. बघू, जमून जाईल.” लोणावळ्याच्या वकीलबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं होतं. “एजंटने त्यांचे दात पाहिले असतील तर लपवलं असं कंपनीला म्हणता येणार नाही, केसमध्ये दम आहे. पण ‘नाही’ कोण म्हणालं आणि का, ते तुम्हाला साक्षीत सांगावं लागेल.” त्यावर तो म्हणाला, आठवत न्हाई. आठवत नाही! चहाच्या कपावरची फुलंसुद्धा आठवत होती त्याला.

“वडगावच्याला लावा फोन,” सविता म्हणाली. जीभ अजून नीट वळत नव्हती. “माज्यावर घ्या. मी लपीवलं म्हना. काय हुतंय त्याला.”

त्याला सुटल्यासारखं वाटलं — क्षणभरच, पण वाटलं, आणि ते तिला दिसलं असणार. बोलून झाल्यावर तिने तोंडावर पदर ओढला होता. ऑपरेशननंतर घेते बिचारी, असं तो सगळ्यांना सांगायचा... पण ऑपरेशन तर या फाल्गुनातलं. त्याआधी जत्रेत, भावकीच्या लग्नात, जेवायला वाढताना, त्याच्याशी एकांतात बोलतानासुद्धा पदर होताच — तो मागे मागे आठवत गेला आणि त्या चहाच्या दिवसापाशी येऊन थांबला. त्या दिवसापासून ती त्याला तोंड दाखवत नव्हती.