इनॉकची खूण

थॅकरबी नावाच्या माणसाने आयुष्यात एकही चाकू बनवला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. त्याच्याकडे कारखाना होता, बग्गी होती आणि स्वतःच्या नावाचा पोलादी ठसा होता. चाकू आम्ही बनवले. शेफील्डच्या अंगणांतल्या गळक्या खोल्यांत, बाकावर वाकून वाकून पाठीला पोक येईपर्यंत. पात्यावर नाव मात्र त्याचं. तो मरून साठ वर्षं झाली तरी लोक त्याच्या नावाचे चाकू शोधत फिरतात, काचेच्या कपाटात ठेवतात आणि म्हणतात, "काय हात होता थॅकरबीचा!" कसला डोंबलाचा हात!

हिल्डा डंगवर्थ माझ्याकडे आली तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. मी एकाहत्तरचा, पण तिच्या लेखी मी पोरगाच. तिचा बाप इनॉक थॅकरबीच्या कारखान्यात तीस वर्षं खिशातले चाकू जुळवायचा, आणि ती त्याच कारखान्यात खाली पॉलिशच्या चाकावर होती, चाकाची काळी घाण कपड्यांना लागू नये म्हणून अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून बसणाऱ्या पोरींत. इनॉकने बनवलेला एक चाकू तिने जन्मभर सांभाळला होता. करंगळीएवढा, दोन पात्यांचा, मूठ शिंपल्याची. शिंपल्याला केसाएवढी चीर होती म्हणून मालकाने तो नाकारला आणि इनॉकने घरी आणला. मेणकागदात गुंडाळून ती तो पत्र्याच्या डबीत ठेवायची. चामड्याच्या पाकिटात कधी नाही, कारण चामडं पोलादाला खातं. महिन्याला सांध्यात तेलाचा एक थेंब. बाकी हात लावायचा नाही. पॉलिश करणाऱ्या बाईने साठ-सत्तर वर्षं एखाद्या वस्तूला पॉलिश न करणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीतल्यालाच कळेल.

तो चाकू ती संग्रहालयाला देणार होती. तिच्यामागे कोणी नव्हतं. संग्रहालयातले पेलिंगसाहेब तिच्यासोबत आले होते. इंग्लंडच्या दक्षिणेकडचा माणूस, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी कपाटात लावायच्या चिठ्ठीचा नमुना आणला होता. 'कारागीर : थॅकरबी अँड सन्स.'

"हे खोडा," हिल्डा म्हणाली. "इथं इनॉक डंगवर्थ लिहा. नाहीतर चाकू मिळायचा नाही."

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण लिहायचं तर पुरावा लागतो."

"पुरावा आत आहे. सिरिल, पोरा, सांग यांना."

मी सांगितलं. मुठीच्या आत दोन पितळी पत्रे असतात. चाकू जुळवणारा त्यांच्या आतल्या अंगाला सुईने आपली अक्षरं खरवडायचा. चाकू बिघडून परत आला तर तो कुणाचा, ते आपल्याआपल्यात कळावं म्हणून. मालकाला दिसलं तर शिव्या, म्हणून आत. बंद झाल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

"म्हणजे उघडायचा?" पेलिंगसाहेबांचा चेहरा पडला. "मूळचे रिव्हेट काढायचे? अहो, मग चाकू बाटला. शिवाय तो शिंपला, त्यात चिरलेला. दुभंगला तर?"

"दुभंगला तर दुभंगला," हिल्डा म्हणाली. "दुसऱ्याच्या नावाने अखंड राहण्यापेक्षा बरं."

"तुमच्या हाताला थरथर आहे का हो?" साहेबांनी मला विचारलं.

"चहाचा कप धरताना आहे," मी म्हणालो. "हातोडी धरताना नाही."

कामाला दुपार गेली. रिव्हेटची डोकी कानसून काढली, चाकू मऊ शिशाच्या तुकड्यावर ठेवला आणि बारीक टोच्याने, ऐकू येईल न येईल असे ठोके दिले. शिंपला रागीट असतो. जोराचा ठोका त्याला चालत नाही, आणि घाबरत मारलेला तर त्याहून चालत नाही. शेवटचा रिव्हेट निघाला तेव्हा मी श्वास सोडला. शिंपला शाबूत होता. दोन्ही पत्रे मी खिडकीजवळ नेले.

आत काहीच नव्हतं.

खरं तर काहीच नव्हतं असंही नाही. आतली बाजू आरशासारखी होती. पितळ वयाने काळवंडलं होतं, पण त्याखाली कानशीचा एक ओरखडा नाही. मी पन्नास वर्षांत हजारो चाकू उघडले, आतून पॉलिश केलेला पत्रा एकदाही पाहिला नाही. जिथे कुणी बघत नाही तिथे पॉलिश करायला आम्हाला कुणी काही देत नव्हतं. तिथे कोण मरायला हात फिरवेल?

"हे कुणी केलं?" मी स्वतःशीच पुटपुटलो.

वळून पाहिलं तर हिल्डा स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे.

"मी," ती म्हणाली.

चौदा वर्षांची होती. चाकावरचा पहिला आठवडा. बाप वरून दोन पत्रे घेऊन आला, म्हणाला, जरा कडा चमकव, बघू तुझा हात. तिने कडा चमकवल्या. मग आतलं अंग खरबरीत दिसलं, त्यावर काहीतरी रेघोट्या होत्या. बापाचं काम, त्यात डाग कशाला, म्हणून तिने तेही घासलं. चांगलं चेहरा दिसेपर्यंत.

"त्याने बघितलं आणि मोठ्याने हसला. म्हणाला, 'अगं वेडे, आतून कशाला?' बस्स. रेघोट्या म्हणजे त्याची अक्षरं, हे मला मागाहून कळलं; वाटलं, पुन्हा खरवडलं असेल त्याने. का नाही खरवडलं, सिरिल?"

मला काय माहीत? पण वाटलं ते बोललो. "पोरीने चमकवलेल्यावर ओरखडा काढायचा जीव झाला नसेल."

पेलिंगसाहेब घसा साफ करत म्हणाले, "हे फार हृद्य आहे. पण पुरावा म्हणून..."

तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. "थॅकरबीचा पुरावा काय हो तुमच्याकडे? त्याच्या हाताची खूण दाखवा यात कुठे."

"पात्यावर ठसा आहे."

"ठसा मीही मारत होतो. दिवसाला चारशे. मग मी थॅकरबी का?"

प्रामाणिक माणूस होता, हे कबूल करतो. खिशातून पेन काढून त्यांनी चिठ्ठीवरचं 'कारागीर : थॅकरबी' खोडलं. 'विक्रेते' असं लिहून थॅकरबीला खालच्या ओळीत ढकललं. वर लिहिलं, 'कारागीर : अज्ञात.'

"मी चहा टाकतो. साहेब, तुम्ही जरा मागे चला, दुधाची बाटली तुमच्या हातात देतो," मी म्हणालो. उठताना बाकावर, त्या पत्र्यांशेजारी, माझी खरवडायची सुई ठेवली. हिल्डाकडे पाहिलं नाही. खोटेपणा म्हणा. ज्या ठशाला जग पुरावा मानतं तो शंभर वर्षं खोटं बोलला. आमच्या दोन अक्षरांनी काय आभाळ कोसळणार होतं? नवा ओरखडा जुना कसा दिसेल तेही मला येतं.

चहा घेऊन आलो तेव्हा सुई तिच्या हातात होती आणि पत्रा कोरा.

"त्याच्या हातचं अक्षर मला येत नाही," ती म्हणाली आणि सुई बाजूला ठेवली. "जुळव रे चाकू."

मी नवे रिव्हेट बसवले, घासून सपाट केले. पातं उघडून मिटलं. टक्. इनॉकच्या कमानीचा, आतल्या स्प्रिंगचा, आवाज तसाच होता. हिल्डाने तो दोनदा ऐकला, मग मेणकागदात ठेवून चाकू पेलिंगसाहेबांच्या हातावर ठेवला.

"अज्ञात लिहू नका," ती म्हणाली. "अज्ञात म्हणजे कुणालाच माहीत नसलेला. मला माहीत आहे."

"मग काय लिहू, मॅडम?"

"काही नको. 'कारागीर' लिहा आणि पुढे जागा सोडा."

त्यांनी सोडली. चिठ्ठी आज तशीच आहे. 'कारागीर', मग दोन टिंबं, मग पांढरा कागद. बघणारे म्हणतात, छापायचं राहून गेलंय. पहारेकऱ्याला सांगूनही येतात. पहारेकरी मान हलवतो, "नाही साहेब, ते तसंच आहे." काही जण पुढे निघून जातात. काही जण मात्र थांबतात, काचेला नाक लावतात आणि पात्यावरचा ठसा न वाचता पहिल्यांदाच चाकू बघतात.