रिकामा परत आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा कडीचा डबा आहे. माझ्या पोटावर 'सौ. नीना रघुवीर देशकर' असे नाव आहे. नागपूरला इतवारीतल्या दुकानदाराने ते मशीनने कोरले, तेव्हा फार दुखले. पण नाव घातलेले भांडे हरवत नाही म्हणतात, म्हणून सोसले. लग्नाच्या भांड्यांबरोबर मी नीनाताईकडे आलो आणि तिच्याबरोबर कार्डिफला गेलो.

तिथे माझा मोठा थाट होता. चकल्या, बेसनाचे लाडू, काय काय भरून मी शेजारच्या प्रिचर्डबाईंकडे जायचो. पहिल्या वेळी त्यांनी मला रिकामा परत आणला. नीनाताईने हसत सांगितले, की आमच्याकडे भांडे रिकामे परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तेव्हापासून बाई न चुकता वेल्श केक भरून मला पाठवू लागल्या. ही गोष्ट वरदाच्या जन्माआधीची. नीनाताईची ही मुलगी मला भरून येतानाच बघत मोठी झाली. तिला वाटले, सगळ्या जगाची हीच रीत असणार.

वरदा कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकते. मागच्या सप्टेंबरात ती वर्षभरासाठी स्पेनला, सारागोसा शहरात गेली. चिवड्याने भरून मलाही बॅगेत कोंबले. तिसऱ्या मजल्यावर दोन स्पॅनिश मुलींच्या फ्लॅटमध्ये तिला वेगळी खोली मिळाली. त्या मुली रात्री दहाला जेवायच्या आणि मग बाहेर पडायच्या. वरदा सातलाच भुकेने कासावीस व्हायची, एकटीच जेवायची आणि दार लावून घ्यायची. वर्गात प्राध्यापक इतके भराभर बोलत, की पहिल्या पाच मिनिटांतच तिचा धागा सुटायचा. ती शनिवार-रविवार कोणाशी एक शब्दही बोलत नसे. मी फडताळातून सगळे बघत होतो. मला तिची काळजी वाटायची.

खालच्या मजल्यावर पिलार नावाची म्हातारी बाई एकटी राहायची. ती जिन्यात थांबून वरदाशी सावकाश बोलायची. तेवढेच स्पॅनिश वरदाला नीट कळायचे. दिवाळीला वरदाने शंकरपाळे तळले, मला भरले आणि पिलारबाईला नेऊन दिले.

आता नीट ऐका, कारण हे फक्त मी पाहिले आहे. पिलारबाईने शंकरपाळे आठ दिवस पुरवून खाल्ले. मग तिने मला घासले. तिची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती; कडी धरताना ती कण्हायची. तरी तिने मला दोनदा घासले आणि भरतकामाच्या, ठेवणीतल्या रुमालाने पुसले. माझ्यात आपला चेहरा दिसला तेव्हा ती समाधानाने हसली. आयुष्यात मला इतके प्रेमाने कोणी घासले नव्हते. आणि मग तिने मला वर नेऊन दिले. रिकामा.

वरदाचा चेहरा पडला. तिने आईला फोन लावला.

"आई, तिने डबा एकदम रिकामी दिली. शुगर पण नाही."

"अगं बाई! नसेल आवडलं त्यांना."

"आय थिंक तिला मी नको आहे."

"असू दे. मग उगीच मागेमागे जाऊ नकोस."

मी ओरडून सांगणार होतो. पण डब्याला कुठला आवाज? आपटला तर वाजतो, एवढेच.

त्यानंतर वरदा खालच्या दारासमोरून मान खाली घालून जाऊ लागली. नोव्हेंबरात पिलारबाई दोनदा वर आली. वरदाने दाराच्या भिंगातून पाहिले आणि श्वास रोखून ती आतच उभी राहिली.

डिसेंबरात सलग सुट्ट्या आल्या. त्या दोन मुली आपापल्या गावी गेल्या. खालचा रेडिओ दिवसरात्र चालू होता. वरदा वैतागली आणि कानाला हेडफोन लावून बसली. चौथ्या दिवशी पिलारबाईची भाची आली, तेव्हा कळले. बाई स्वयंपाकघरात पडली होती. पहिल्याच दिवशी कोणी गेले असते तर वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले.

भाचीने वरदाला विचारले, "तू वरची मुलगी ना? मावशी तुला जेवायला बोलवायला आली होती. दोनदा."

त्या रात्री वरदाने आईला फोन केला. "आई, मी वरच होते," एवढेच म्हणाली. पलीकडून नीनाताईच्या रडण्याचा आवाज येत राहिला.

वर्ष अर्धवट टाकून वरदा कार्डिफला परत आली. आता मी इथल्या फळीवर असतो. परवा नीनाताई माझ्यात लाडू भरायला निघाली, तर वरदा म्हणाली, "त्यात नको, प्लीज." ती रोज संध्याकाळी प्रिचर्डबाईंची बेल वाजवते. हातात काही नसते. बाई दार उघडतात, ही "यू ऑलराइट?" विचारते आणि परत येते.

मित्रांनो, मला नीट जपा, असे मी तुम्हांला म्हणणार नाही. स्टीलला काही होत नाही. पण तुमचा डबा कुणाकडून रिकामा आला, तर तो किती लख्ख घासला आहे ते आधी बघा. आणि कुणाचा रेडिओ रात्रभर थांबला नाही, तर कान झाकू नका. खाली जा, बेल वाजवा.