मंडळाची फ्लॉपी

"हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणून मंडळाची यादी सांभाळणाऱ्या पितांबरनानांनी पाचोऱ्याच्या समाजमंडळाच्या बैठकीत सुरुवात केली, तेव्हा पुढं बसलेली कलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सुरतेच्या एका घरानं तिची मुलगी पसंत केली होती. दिवाळीपर्यंत होकार कळवा, म्हणाले होते. मध्येच त्यांनी घर बदललं आणि नवा पत्ता मंडळाला कळवला. तो पत्ता मंडळाच्या वधू-वर यादीत होता, यादी फ्लॉपीत होती, आणि फ्लॉपी आता उघडत नव्हती. दिवाळी चार दिवसांवर.

नाना सांगत होते, फ्लॉपी खिशात घालून ते भुसावळच्या यार्डातून चालले होते. वर क्रेनला टांगलेलं हत्तीएवढं लोहचुंबक. त्यानं असा काही हिसका दिला की खिशातली अक्षरं सुर्रकन वर गेली. आठशे नावं चुंबकाला चिकटलेली नानांनी स्वतः पाहिली. एका नवरदेवाची तर उंचीसुद्धा खालून वाचता आली.

मागच्या रांगेतल्या जीवरामनं विचारलं, मग शिडी लावून उतरवून आणू का? नाना म्हणाले, कालच्या पावसात धुऊन गेली. मागची माणसं हसली. कलाबाई हसली नाही.

नानांची जीभ चालत होती, पण मन जळगावात, गिरधरच्या दुकानात अडकलं होतं. यादी संगणकावर चढवणारा गिरधर म्हणाला होता, अर्धा तास थांबा, दुसरी प्रत करून देतो. नानांना गाडी गाठायची होती. शिवाय आजवर काही हरवलं नव्हतं, आणि न हरवलेल्या गोष्टीची राखण केली म्हणून मंडळानं कधी कुणाला शाल-नारळ दिला नव्हता. कागदी अर्ज तर नानांनी बंबात घातले होते. पुढं गिरधरनंही, नानांकडे फ्लॉपी आहे या भरवशावर, आतलं सगळं पुसून यंत्र विकलं.

नाना चुंबकाचं वजन सांगायला लागले, तशी कलाबाई उठली.

"बठ्ठं खोटं शे, नाना," ती म्हणाली. "फ्लॉपी भुसावळले गयीच नही. दसराले तुम्हीच तिले पाटवर ठेवं, हळद-कुंकू वाहं, वरतून पानी शिपडं. मी तठेच व्हतू. आते तो पत्ता माले कोठे सापडी?"