डॉक्टरांच्या पुस्तिकेचं पारायण

फुलबाजारात आमच्या ह्यांच्या छातीत एकाएकी धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे आणि ‘मी मेलो’ म्हणत ते झेंडूच्या पाट्या तिथेच टाकून घरी पळून यायचे. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत. मखमलाबादेत लोक म्हणाले, करणी आहे. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना नाशिकला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सायक्लोस्टाइल केलेली एक पातळ पुस्तिका हातात दिली. म्हणाले, “मल्हारीभाऊ, आठवड्याला एकच प्रकरण वाचायचं. त्यात सांगितलंय ते स्वतः करून बघायचं आणि मला येऊन सांगायचं. मगच पुढचं.” मुख्य गोष्ट एवढीच होती, की भीती आली तरी पळायचं नाही, कुणाचा हात धरायचा नाही, तिथेच थांबायचं. ती चढते तशी आपोआप उतरते.

घरी सासूबाईंनी पुस्तिका लाल फडक्यात बांधून देवाजवळ ठेवली. “आजार बरा करती ना? मंग पोथीच की. अन् पोथी अर्धी ठेवू नाय.” चौथी शिकलेली मीच, म्हणून वाचायला मी. हे अंघोळ करून पाटावर हात जोडून ऐकायचे. सात दिवसांत पारायण उरकलं. “अहो, हे ऐकायचं नाय, करायचं हाय,” सांगून सांगून मी थकले. पालथ्या घड्यावर पाणी! नारळ फुटला, पुरण शिजलं आणि लेक बरा झाल्याचं सासूबाईंनी गावभर सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं झेंडू घेऊन बाजारात गेलो. गर्दी वाढली तसा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मालन, हात धर. चाललो मी.”

मी दोन्ही हात पदराखाली घट्ट दाबून धरले. “थांबा जरा. उतरंल. आपोआप उतरंल.” माझाच जीव तुटत होता. ते घामाने निथळत होते, पण उभे होते! माझ्याकडे बघत उभे होते. श्वास जरा सावरल्यासारखा वाटला.

तेवढ्यात सासूबाई धावल्या. “नवरा मराया लागलाय अन् ही हात बांधून उभी! बाई हाय का दगड?” लेकाला कवेत घेऊन त्यांनी रिक्षात घातलं. मी आडवी गेले, तर बाजारातल्या बायांनीच मला मागे ओढलं.

घरी पोचताच हे बरे झाले. बरे होणारच, पळून आले होते ना! सासूबाईंनी पोथीसमोर डोकं टेकलं. डॉक्टरांकडे पुन्हा जायचं नाव कुणी काढू देईना, हे तर मुळीच नाही.

आता फाटकाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की ते आधी विचारतात, “आई येतीय ना?”

“मी येऊ?” मी म्हणते.

“तू नको. तू हात धरत नाय.”