बत्तिसावी आवृत्ती

लॉर्ना विकस्ट्रॉमचा कोड एकतिसाव्यांदा नापसंत होऊन परत आला आणि हिल्सबरोच्या आमच्या ऑफिसात लोक तिच्याशी सुतक असल्यासारखे हळू बोलू लागले. मला त्यांचा रागच आला.

कामात अगम्य असं काही नव्हतं. प्रोग्राम एक काम अर्धवट सोडून दुसरं करायला जातो, तेव्हा परत कुठे यायचं तो पत्ता लिहून ठेवतो. संगणकात घुसणारे चोर नेमका तोच पत्ता बदलून प्रोग्राम आपल्याकडे वळवतात. आमच्या कंपनीच्या नव्या प्रोसेसरात त्या पत्त्यांची दुसरी प्रत राहते, आणि तिच्यावर खुद्द प्रोग्रामलाही लिहिता येत नाही. दोन्ही पत्ते जुळले नाहीत, तर प्रोग्राम जागीच बंद. ही सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळे प्रोग्राम चालवणाऱ्या त्याच्या गाभ्यात, आणायला लॉर्नाने चार वर्षं घातली होती.

घोडं अडलं ते आमच्याच प्रोग्रामरांच्या जमातीच्या उतावीळपणामुळे. कर्नलमध्ये काही येण्याआधीच हजारो प्रोग्रामांवर 'मला हे चालतं' असा शिक्का मारून ठेवला होता. चाचणी कुणी केलीच नव्हती. लॉर्नाच्या कर्नलने शिक्क्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच ते पत्ते बदलणारे जुने प्रोग्राम पटापट बंद पडले. कर्नल सांभाळणाऱ्यांचा नियम असा, की चालता प्रोग्राम पडला तर चूक कर्नलची, प्रोग्राम खोटारडा असला तरी.

आमचा मॅनेजर ड्वेन तिच्या टेबलाशी आला. "त्या प्रतीवर प्रोग्रामला लिहू दे ना. सगळे गप्प बसतील."

"मालकाला लिहिता आलं तर चोरालाही येईल," लॉर्ना म्हणाली.

"हट्ट सोड, बाई. नाहीतर सोमवारपासून हे काम बंद."

"कर बंद."

सोमवारी काम बंद झालं, लॉर्नाने राजीनामा दिला. ड्वेनला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण कर्नलवाल्यांच्या जाहीर ईमेल-यादीवर एकदा गेलेला कोड कुणाच्या बापाचा राहत नाही. गुरुवारी बत्तिसावी आवृत्ती आली, तिच्या खाजगी ईमेलवरून. आता कर्नल शिक्क्याकडे बघतच नव्हता. प्रोग्रामने सुरू होताना स्वतः मागितलं, तरच संरक्षण. प्रतीवर लिहायची मुभा मात्र तिने दिली नव्हती.

दुसऱ्या कुणी 'मी चालवून पाहिलं' अशी नावानिशी सही केल्याशिवाय असा कोड आत घेत नाहीत. ड्वेनने बजावलं, "आपल्यातल्या कुणीही सही करायची नाही."

मी पडलेले सगळे जुने प्रोग्राम ऑफिसच्याच यंत्रावर चालवले. एकही पडला नाही. यादीवर तसं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं, एल्डन रुक्स, आणि पाठवून दिलं. मग उभा राहिलो आणि ड्वेनच्या देखत पलीकडच्या टेबलांना विचारलं, "अजून कोण सही करतंय?"