इंजिनाचा उजवा गाल

मित्रांनो, त्या शनिवारी संध्याकाळी मी अर्धा काळा होतो आणि अर्धा आरशासारखा चकचकीत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, कामाच्या टेबलावर, जुन्या टॉवेलची गादी करून मला ठेवले होते. मिस्त्री मला उचलत, खिडकीच्या उजेडात तिरके धरत, पुन्हा ठेवत. शेजारी उलट्या लाकडी खोक्यावर त्यांची लेक वाचत बसली होती. ती दुसऱ्या गावी ग्रंथालयात नोकरी करते. सुट्टीला घरी आली, की घरातल्या खुर्च्या सोडून याच खोक्यावर येऊन बसते.

“काय म्हणतेस?” मिस्त्रींनी विचारले.

तिने बोट पानात ठेवून माझ्याकडे पाहिले. “चालेल.”

“चालेल ना? मग पळेलही!” मिस्त्री हसले. “उरलेला अर्धा उद्या. आज हात भरून आलेत.”

मी आहे एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे झाकण. दुकानात मला साइड कव्हर म्हणतात. मिस्त्री मात्र मला ‘गाल’ म्हणत. इंजिनाच्या डाव्या बाजूला डावा गाल, आणि क्लच झाकून बसलेला मी उजवा. “गाल पुसलास का?” असे ते लेकीला विचारत, आणि ती लहानपणी आधी स्वतःचा गाल पुसून मग माझा पुसत असे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतले आणि निवल्यावर मी बाहेर आलो. माझ्या कडा घासल्या, बोल्टांसाठी भोके पाडली आणि अंगावर चंदेरी रंगाचा पातळ हात फिरवला. मिस्त्रींकडे आमची गाडी आली तेव्हा ती आधीच एका घरचे पाणी पिऊन आलेली होती. तरीही मिस्त्रींनी तिला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. पुढे खरीच पोरगी झाली, तेव्हा दोघींना एकाच नळाखाली अंघोळ घालू नका म्हणून पोरीच्या आईंना त्यांना दटावावे लागले.

पोरगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिने हट्ट धरला, की गालांना लाल रंग हवा. मिस्त्रींनी आम्हाला लाल केले. रस्त्यात लोक वळून बघत आणि बाप-लेक ताठ मानेने जात. मी खाली गरम होऊन चमकत असे. ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे लेक शिकायला बाहेरगावी गेली. लाल रंगाचे टवके उडाले. कुणासाठी पुन्हा लाल करायचे म्हणून मिस्त्रींनी वरून काळा रंग मारला. काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत, हेही खरे. अशी बरीच वर्षे मी काळाच होतो.

आणि मग यंदा त्यांनी ठरवले, की सगळा रंग उतरवून आम्हाला मूळ धातूवर आणायचे. डावा गाल झाला. मग माझी पाळी आली. त्यांची एक रीत होती. रंग सोडवणारे जेल ते एका वेळी अर्ध्याच भागाला लावत. जेवढे एका बैठकीत खरवडता येईल, तेवढेच. खरे तर सगळा रंग निघाल्याशिवाय पॉलिश करायचे नसते. पण लेक घरी येणार होती. मिस्त्रींना धीर धरवला नाही. मोकळा झालेला अर्धा भाग त्यांनी त्याच दुपारी घासून घासून चमकवला आणि ती आल्या आल्या तिच्यापुढे धरला.

तिच्या ‘चालेल’चे तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्या घरात कौतुकाची नाणी फार नव्हती. आईंनी नवे पडदे शिवले, चालेल. लेक वर्गात पहिली आली, चालेल. हा शब्द बापानेच काढलेला. लेकीने तो उचलला आणि परत त्याच्याच गळ्यात घातला. दोघांनाही त्याची किंमत ठाऊक होती. निदान मला तरी तसे वाटत असे.

रविवारी सकाळी चहा निवला तरी मिस्त्री उठले नाहीत. झोपेतच गेले.

मी टॉवेलवर तसाच राहिलो. कुणीतरी माझ्यावर फडके टाकले. आईंनी असेल. त्यांना उघडे काही ठेवलेले आवडत नाही. फडक्याखालून मला दार उघडल्याचा आवाज येई. मग खोके किंचित करकरे. पण पान उलटल्याचा आवाज येत नसे.

एका सुट्टीत फडके उचलले गेले. समोर लेक होती आणि सोबत तिचे काका, म्हणजे मिस्त्रींचे धाकटे भाऊ. ते बेकरीत काम करतात.

“वाळूचा मारा करून रंग उडवतात त्या मशीनवर देऊन टाक,” काका म्हणाले. “पाच मिनिटांत कोरं करकरीत.”

“मग बाबांनी केलेला अर्धा पण जाईल ना, काका.”

काका डोके खाजवून म्हणाले, “बरं, मग हे बघ. आमच्या भट्टीचे ट्रे आम्ही याच पाण्याने धुतो. वर्षानुवर्षांची काजळी निघते. तोंड बघून घे त्यात!” त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. कॉस्टिक सोड्याचे पाणी होते ते.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. बेकरीचे ट्रे लोखंडाचे. लोखंड ते पाणी पचवते. ॲल्युमिनियमला मात्र ते खात सुटते. माझ्यावर ते ओतले असते, तर काळ्या रंगाबरोबर मिस्त्रींचा चमकवलेला भागही गेला असता. राहिला असता एक काळवंडलेला, खड्डे पडलेला गाल.

लेकीने हातमोजे घातले, ब्रश बुडवला. ब्रश माझ्या अगदी जवळ आला आणि थांबला. तिने मला उलटे केले.

“काय झालं?” काका म्हणाले.

“आधी पोटात, मग पाठीवर,” ती म्हणाली. “बाबा काहीही लावायच्या आधी आतून एक थेंब लावून बघायचे.”

माझ्या आतल्या बाजूच्या कोपऱ्यात, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, तिने एक थेंब टेकवला. तो फसफसला. बुडबुडे आले, मला चटका बसला, आणि बघता बघता तिथे काळा डाग पडला. तिने मला उचलून धावत नळाखाली धरले. पाणी वाहत राहिले आणि ती मला तशीच धरून उभी राहिली.

गडबड ऐकून आई बाहेर आल्या. डबा पाहिला, दिराकडे पाहिले. “भावोजी, भट्टीतलं औषध भट्टीतच ठेवा.”

“वहिनी, चांगल्यासाठीच आणलं हो.”

“ते कळलं. म्हणून तर चहा देणार आहे.”

मिस्त्रींचे जेल फळीवरच होते, पाना आणि तेलाच्या कुप्पीमागे. लेकीने तेही आधी पोटात लावून पाहिले. काही झाले नाही. मग माझ्या काळ्या भागावर जाड थर दिला आणि वाट पाहिली. पण थर वाळला, रंग तसाच. दुसऱ्यांदा लावले. पुन्हा तेच. ती खोक्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

“नाही जमत मला, आई. असंच अर्धं ठेवते.”

आई दारात उभ्या होत्या. त्या खोलीत त्या कधी पाऊल टाकत नसत, तेलाच्या वासाने डोके दुखते म्हणत. “झाकलंस का?” त्यांनी विचारले.

“काय झाकलं का?”

“मला काय माहीत काय ते. पण तुझे बाबा असलं काही करायला घेतलं, की स्वयंपाकघरातून माझी प्लास्टिकची पिशवी पळवायचे. विचारायचे नाहीत. आणि नंतर ती चिकट होऊन केराच्या डब्यात सापडायची. मी काय ओरडायची!”

लेक आईंकडे पाहत राहिली. मग ती हसली. मिस्त्री गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसत होते. आईंनी आत जाऊन पिशवी आणली, आणि या वेळी दारात न थांबता टेबलापर्यंत आल्या.

जेल लावून मला पिशवीत गुंडाळले. ओलावा आतच कोंडला. थोड्या वेळाने पिशवी सोडली, तेव्हा माझ्या अंगावरचा काळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. मिस्त्री तो खरवडायला लोखंडाला हात लावत नसत, ओरखडे पडतात म्हणून. लेकीची शाळेतली जुनी प्लास्टिकची पट्टी टोकाशी घासून त्यांनी हत्यार केले होते. तीच पट्टी आता तिच्या हातात आली. बोल्टांच्या भोकांपाशी दात घासायचा जुना ब्रश. काळ्याखालून लाल निघाला.

“अगं बाई!” आई म्हणाल्या. “काय भडक होता गं हा! मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“मला आवडायचा.”

“तुम्हा दोघांना. माझं कोण ऐकतंय!”

पुन्हा जेल, पुन्हा पिशवी. लाल गेला, चंदेरी गेला. मग धुणे, पुसणे, बारीक कापडाने घासणे. मिस्त्री गोल गोल हात फिरवत, लेकीचा हात सरळ चाले. मधोमध एक अस्पष्ट रेघ राहिली. अलीकडे त्यांचा हात, पलीकडे हिचा. काका म्हणाले, घासून एकसारखे करून टाक. तिने रेघेवरून अंगठा फिरवला आणि कापड बाजूला ठेवले.

आज मी पुन्हा इंजिनावर बसलो आहे. बोल्ट समोरासमोरचे जोडीजोडीने आवळले, मिस्त्री आवळत तसे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना जरूर पुसा, झाका, तेल द्या. आम्हाला तेवढे पुरते. जो हात ते करतो, त्याला मात्र तेवढे पुरत नसावे. माझ्या पोटातला काळा डाग मी आनंदाने बाळगतो. तो तिथे आहे म्हणून पाठ शाबूत आहे.

काका निघून गेले. आई पिशवी धुवायला नळावर बसल्या. लेक उकिडवी बसली आणि मला खिडकीच्या उजेडात तिरकी मान करून पाहू लागली. मग तिने माझ्या एका अर्ध्या भागावर हात ठेवला. मिस्त्रींच्या. बराच वेळ तो तिथेच राहिला.

“सुंदर झालंय, बाबा,” ती म्हणाली. “त्या दिवशीच झालं होतं.”