जटाधारी मराठीत काय बोलला

विलासने फोनची काच शर्टाच्या पोटावर पुसली आणि ओटीवरच्या तांब्याला टेकवून तो उभा केला. फोन घसरला. त्याने तांब्या पुढे ओढला, फोन पुन्हा उभा केला आणि राहतो की नाही ते बघत थोडा वेळ उकिडवाच बसून राहिला.

"तात्या, दिसतंय ना?"

खुर्चीतल्या कोंडाजीतात्यांनी डावा हात जरासा उचलला. गेल्या दिवाळीनंतर त्यांची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचाही गेली. समजायचं मात्र सगळं. आपल्याविषयी कोणी हळू आवाजात बोललं तर ते रागाने बघायचे, इतकं समजायचं.

"फोन चुकीचा हाय," मनोज म्हणाला. मनोज तात्यांचा पुतण्या. नेरळ-कर्जत टेंपो चालवायचा आणि कुठल्याही वादात पहिला उतरायचा. "ह्यात पाच वेळा चॅम्पियन म्हनतात. जटाधारी सात वेळा चॅम्पियन झाला. सात. ह्याच ओटीवर बसून बगितलंय आमी."

"सातच," विलास म्हणाला. "फोनवाल्यांना काय ठावं."

घरातून पाण्याचा पेला घेऊन आलेली छाया हे ऐकून हसली. तात्यांची ही मुलगी लोधिवलीला दिलेली, चौकच्या पतपेढीत नोकरीला. रविवार मिळाला की वडिलांना बघायला पोशीरला यायची. त्या सातातल्या दोन विजेतेपदांचा इतिहास तिला चांगला माहीत होता. दोन्ही वेळा ऐन कुस्तीत लाईट गेली होती. दुसऱ्या दिवशी लोक विचारायला आले, तर तात्यांनी जटाधारीला जिंकवून टाकलं. एकदा तर शेवटचा डाव कसा पडला तेही त्यांनी अंगणात मनोजला उताणं पाडून दाखवलं होतं.

त्या काळी आळीत डिश फक्त तात्यांकडे. रविवारी दुपारी अमेरिकेतल्या त्या कुस्त्या लागल्या की ओटी भरायची, ठाकूरवाडीतली पोरंही डोंगर उतरून यायची. बोलणं सगळं इंग्रजीत. तात्या कंपनीत फिटर, साहेबाशी बोलतात म्हणजे इंग्रजी येणारच असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि तात्यांनीही कधी कोणाची निराशा केली नाही. पडद्यावर दोन पैलवान माईक घेऊन एकमेकांवर ओरडू लागले की तात्या खुर्चीत पुढे सरायचे आणि सांगायचे. जटाधारी आणि तांबड्या हे सख्खे चुलतभाऊ, त्यांचं भांडण बांधावरून. टकल्याला सासऱ्याने पैलवान केला. त्या लांब कोटवाल्या मॅनेजरने तिघांच्या जमिनी लाटल्यात. गावाने पैलवानांची नावं ठेवली तीही अशीच, दिसण्यावरून. क्रेग हॅलोवे हे जटाधारीचं खरं नाव मनोजला आज फोनवर वाचून कळलं होतं आणि ते त्याला अजिबात आवडलं नव्हतं.

छाया आठवीत गेली, तिला इंग्रजी कळू लागलं, आणि एका रविवारी ओटीवर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की आपला बाप धडधडीत थापा मारतोय. तिला इतकी लाज वाटली, की त्यानंतर कुस्त्या लागल्या की ती मागच्या दारी जाऊन बसायची.

"छायाताई, तुमी आलात ते बरं झालं," विलास म्हणाला. "मी तुमच्यासाठीच आज आलो."

"माझ्यासाठी?"

"जटाधारीचा तिकडं मोठा सत्कार झाला परवा. त्यात त्याचं जुनं भाषन पन दाखवलं. चॅम्पियनचा पट्टा आखाड्यात मधी ठेवून गेला तेव्हाचं. ते तुमी मराठीत सांगायचं. तात्यांनी सांगितलं होतं तसंच. मी फोनमधी भरून घेतो आन सांधीला धाडतो."

सांधी म्हणजे त्याची मुलगी संध्या. ती कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला होती हे छायाला ठाऊक होतं.

"ती घरी नसते का?"

विलासने मनोजकडे पाहिलं. मनोज तांब्याकडे बघू लागला.

"गनपतीच्या आधी तिला बोललो मी," विलास म्हणाला. "कंपनीच्या बसपाशी. बरोबरच्या पोरींच्या समोर. नको ते बोललो. तवापासून तिकडंच खोली घेऊन राहते. फोन उचलत नाय. तिची आय, चिंधी, करते तर उचलते, मी केला की नाय."

"मग माफी माग की."

"मागायला जातो, ताई. मनात एक असतं आन तोंडातून दुसरंच निघतं. दोनदा गेलो कुंभिवलीला. दोनदा भांडून आलो." त्याने फोनची काच पुन्हा पुसली. "तिला हे कुस्तीचं येड माझ्यामुळंच लागलं. लहानपनी मांडीवर बसून बगायची. जटाधारीचं ऐकंल ती. मी नव्हतं का ऐकलं?"

ही गोष्ट पोशीरमध्ये सगळ्यांना पाठ होती. वीसेक वर्षांपूर्वी विलास खाणीवर कामाला होता. दर रविवारी तात्यांच्या ओटीवर कुस्त्या बघायला यायचा, पण वरती वाडीत स्वतःच्या घरी जायचा नाही. बापाशी, पदूशी, बिनसलेलं. मग जटाधारीने तो पट्टा आखाड्याच्या मध्यभागी ठेवला, माईक घेतला, आणि तात्यांनी सांगितलं, तो म्हणतोय पट्टे काय पुन्हा मिळतील, घरी म्हातारा वाट बघतोय, मी आता घरी चाललो. विलास उठला आणि चप्पल घालून सरळ डोंगर चढून गेला. त्यानंतर पदू चार पावसाळे जगला, आणि ते चारही पावसाळे बापलेक एका घरात होते.

"आधी मी एकदा ऐकते," छाया म्हणाली.

तिने फोन जवळ धरला. केस सोडलेला तो धिप्पाड गडी घामेजलेल्या तोंडाने बोलत होता. मानेचं हाड गेलंय. डॉक्टरांनी सही दिली नाही म्हणून जावं लागतंय, माझ्या मनाने मी गेलो नसतो. आणि मग समोरच्या गर्दीकडे बोट दाखवून, तुमचं मी काही देणं लागत नाही, उद्या तुम्हाला माझं नावही आठवणार नाही. घराचा उल्लेख नव्हता. बापाचा तर नव्हताच.

तिने वर पाहिलं. तात्या तिच्याकडेच बघत होते. नजर चुकवावी असं त्यांना वाटत असणार, पण मान वळवायला त्यांना वेळ लागायचा.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

चंद्राबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. छायाने आधण ठेवलं आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं.

"काय सांगू गं आई आता त्याला? तात्यांनी तेव्हा काहीच्या काही ठोकून दिलं. हा माणूस वीस वर्षं ते धरून बसलाय, आता पोरीला पण पाठवणार. ती पोर बारावी झालेली आहे. तिला इंग्रजी कळत नसेल?"

"ठोकून नाय दिलं," चंद्राबाई म्हणाल्या.

"अगं, मी आत्ता ऐकलं."

"ते बाकीचं ठोकून द्यायचे. हे एवढं नाय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्या रविवारी सकाळी पदू आला होता. रानातली करटोली घेऊन. मागच्या दारी बसला, पुढं येईना. म्हनाला, पोरगा इथवर येतो, वर येत नाय. मी त्याला हळदीत चारचौघांत मारला. चूक माझी झाली, पन तोंडावर सांगाया मला जमत नाय. तुमचं ऐकतो तो. घरी ये म्हनावं. काम नको करू, नुसता समोर बस."

पाणी उकळलं होतं. छायाची साखर टाकायची राहिली.

"मग तात्यांनी बोलायचं ना विलासशी."

"गेले होते खानीवर जेवनाच्या आधी. बापाचं नाव काढलं तसा तो उठून गेला. म्हनून मग त्या गोऱ्याच्या तोंडी घातलं." चंद्राबाई किंचित हसल्या. "मारल्याचं आन माफीचं तेवढं गाळलं. मला रात्री म्हनाले, सगळंच घातलं असतं तर कोनाला खरं वाटलं असतं? आन पदूला शब्द दिलेला, आलो होतो ते सांगू नका म्हनून. पदू गेला तरी ह्यांनी पाळला."

छायाने चहा गाळला. इतकी वर्षं ज्या बापाची तिला लाज वाटत आली, तो बाहेर खुर्चीत बसला होता आणि आता त्याला एक शब्दही बोलता येत नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने कपबशा जरा जोरातच वाजवल्या.

ओटीवर मनोज तांबड्याच्या निवृत्तीवर आला होता. तांबड्या तीनदा निवृत्त झाला आणि तीनदा परत आला, त्याला ना लाज ना शरम, असं त्याचं म्हणणं होतं. विलास ऐकत नव्हता. छाया बाहेर येताच त्याने रेकॉर्डिंगचं बटण शोधलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

"आवाज बंद करून चालू ठेव भाषण," ती मनोजला म्हणाली. "तुझ्या फोनवर. मी बघून सांगते."

मनोजच्या फोनवर जटाधारी पुन्हा मध्यभागी आला. त्याने पट्टा खाली ठेवला. छाया तात्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, जिथे ती आठवीपर्यंत बसायची.

"तो म्हणतोय," ती म्हणाली, "पट्टे काय, पुन्हा मिळतील. घरी म्हातारा वाट बघतोय."

"हां," विलास पुटपुटला. "हेच."

"म्हणतोय, माझ्या बापाने मला चारचौघांत मारलं होतं."

विलासने मान वर केली.

"हळदीत मारलं होतं. म्हणून मी घरी जात नव्हतो. आता त्याने निरोप धाडलाय. चूक माझी झाली म्हणतो, पण तोंडावर सांगायला जमत नाही. घरी ये म्हणतो. काम नको करू, नुसता समोर बस."

पडद्यावर जटाधारी गर्दीकडे बोट दाखवत होता. मनोज तोंड उघडून काही विचारणार होता, पण त्याने विलासकडे पाहिलं. विलासचा हात फोनसकट तसाच पुढे राहिला होता, आणि रेकॉर्डिंग चालूच होतं.

"हळदीत?" विलास शेवटी म्हणाला. "गोऱ्यांच्यात हळद असते?"

छायाने तात्यांकडे पाहिलं.

तो तात्यांकडे वळला. गुडघ्यांवर सरकत त्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवला.

"तात्या, बा आला होता तुमच्याकडं?"

तात्यांनी आधी चंद्राबाईंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. एकदा हलली तरी पुरे होतं, पण ते हलवतच राहिले, जणू इतकी वर्षं अडवून धरलेलं एकदम सुटलं होतं. त्यांच्या तोंडाच्या उजव्या कडेतून लाळ आली. छायाने पदराने ती टिपली.

"मला कंदीच बोलला नाय," विलास म्हणाला. "चार वर्सं एका ताटात जेवलो. मी पन नाय इचारलं." त्याने बाहीने नाक पुसलं. "मला वाटायचं, मीच हरलो आन वर गेलो."

चहावर साय धरली होती. कोणी कप उचलला नाही. मनोजने आपला फोन बंद करून खिशात टाकला आणि उगीचच तांब्या सरळ केला.

विलासने हातातल्या फोनकडे पाहिलं. छायाचा आवाज त्यात होता, तात्यांच्या ओटीवरचा सगळा जटाधारी होता. अंगठा त्या रेकॉर्डिंगवर थोडा वेळ थांबला. मग त्याने ते पुसून टाकलं.

"अरे, काय केलंस?" मनोज म्हणाला. "धाडायचं होतं ना?"

विलास उठला, पायऱ्या उतरून अंगणात गेला. शेवग्याच्या झाडापाशी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि रेकॉर्डिंगचं बटण पुन्हा दाबून त्याने फोन तोंडाजवळ धरला. बराच वेळ नुसताच धरला. ओटीवरून त्याची मान तेवढी दिसत होती, आणि ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलत होती. तात्या खुर्चीत पुढे सरायला धडपडत होते. छायाने त्यांच्या पाठीला आधार दिला.

"सांधे," विलास म्हणाला, "मी बोलतोय गं. तुझा बा."